माणसाच्या वंशावळीचा पुरावा

वरणगावच्या एका व्यापारी गृहस्थांचे पत्र आमच्याकडे आले आहे. गृहस्थ धर्मनिष्ठ असून हिशेबास चोख असावेत, असे त्यांच्या अक्षरावरून व प्रश्नांच्या मांडणीवरून दिसते. त्यांचा मुलगा दहावीत आहे. राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या पुस्तकातील 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ तो घरी मोठ्याने वाचीत असता वडिलांच्या कानी असे पडले की, मानवसदृश प्राण्याची पहिली नोंद म्हणजे पूर्व आफ्रिकेतील 'रामापिथेकस' नावाचा एप होय. तेवढ्यावरून त्यांनी आम्हांस तीन प्रश्न घातले आहेत. आमच्या रामाचे नाव वानरास कोणी व कोणत्या अधिकाराने दिले? तो वानर आपल्या देशाचा असेल तर आफ्रिकेत कसा गेला, आणि आफ्रिकेचा असेल तर त्यास रामाचे नाव कसे? आणि शेवटचा प्रश्न, जो त्यांस सर्वांत बिनतोड वाटतो: वानराचा माणूस होताना पाहिले कोणी?

पहिले दोन प्रश्न इतके मार्मिक आहेत की, ते पुस्तक लिहिणाऱ्यांच्या मनात कसे आले नाहीत याचेच आम्हांस नवल वाटते. तिसरा प्रश्न मात्र सदर गृहस्थांचा स्वतःचा नव्हे. तो त्यांनी उसना घेतला आहे व सावकार कोण हेही आम्हांस ठाऊक आहे. त्याचा समाचार पुढे घेऊ.

प्रथम नावाचा उलगडा. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांची जी रांग गेली आहे, ती नद्यांनी लाखो वर्षे वाहून आणलेल्या वाळूची व मातीची बनलेली आहे. हत्ती, जिराफ, गेंडे, घोडे अशा नानाविध प्राण्यांची हाडे त्या गाळात पुरली जाऊन दगड झाली आहेत. त्यांतच पुच्छहीन वानरांचे, म्हणजे ज्यांस इंग्रजीत एप व आपल्याकडे कपी म्हणता येईल अशा प्राण्यांचे, जबडे व दात सापडू लागले. (माकड निराळे व कपी निराळा. गिबन, ओरांगउटान, गोरिला व चिंपांझी हे कपी. त्यांस शेपूट नसते.) हिंदुस्थानच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील पिलग्रिम साहेबांनी १९१० साली अशा एका कप्यास 'शिवापिथेकस' असे नाव दिले. 'पिथेकस' म्हणजे ग्रीक भाषेत वानर. पुढे १९३२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचा लुइस नावाचा तरुण विद्यार्थी हल्लीच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे आला. त्यास वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. १९३४ साली त्याने त्यास 'रामापिथेकस' म्हटले, व त्याच सपाट्यात दुसऱ्या दोन तुकड्यांस ब्रह्मदेवाचे व सुग्रीवाचे नाव देऊन टाकले. देवळांच्या देशात आलेल्या परदेशी विद्यार्थ्याच्या तोंडी जी नावे बसली, ती त्याने वापरली. यात रामाचा अपमान नाही आणि रामाचा पुरावाही नाही. ज्यांस या नावाने राग येतो त्यांस व ज्यांस या नावाने रामायणाचा दाखला मिळाल्यासारखा आनंद होतो त्यांस आमचे एकच सांगणे आहे की, दस्तऐवजाच्या लखोट्यावर काय लिहिले आहे याची किंमत न्यायालयात शून्य असते. आतला कागद काय म्हणतो ते पाहावे लागते.

आतला कागद म्हणजे तो जबडा. लुइसचे म्हणणे असे की, या प्राण्याचे दात आखूड व ठेवण माणसासारखी आहे, सबब हा मानवाच्या वंशातला होय. १९३५ साली हर्डलिच्का या अमेरिकन पंडिताने हा दावा फेटाळला, व जबडा कपाटात पडून राहिला. १९६१ साली सायमन्स नावाच्या शास्त्रज्ञाने तो पुन्हा काढून लुइसच्या बाजूने जोरदार कैफियत मांडली. त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेत केनियातील फोर्ट टर्नन येथे लीकी यांस सुमारे एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वीचा तसाच एक जबडा मिळाला. लीकी यांनी त्यास केनियापिथेकस म्हटले. पण सायमन्स म्हणाले, नाव काहीही द्या, हाही रामापिथेकसच. अशा रीतीने राम आफ्रिकेत गेला. आमच्या पत्रलेखकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. तो समुद्र ओलांडून गेला नाही, शास्त्रज्ञांच्या एका निबंधातून गेला.

त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे जगभरच्या पुस्तकांत रामापिथेकस हा माणसाचा आद्य पूर्वज म्हणून मिरवला. आपल्या देशातही त्या बातमीने अनेकांची छाती फुगली, व आम्ही स्वतः राष्ट्राभिमानी म्हणवीत असल्याने ती का फुगली हे आम्हांस समजते. परंतु पुराव्यात एक मोठे व्यंग होते, व ते ज्यांनी कधी फाटक्या खरेदीखतावर दावा लढविला असेल त्यांच्या तत्काळ ध्यानी येईल. जबडा अर्धा होता. मधली रेषा जेथे यावयाची तो भागच नव्हता. माणसाच्या दातांची ओळ कमानीसारखी गोल असते, कप्याच्या दातांची तशी नसते. व हा प्राणी माणसासारखा आहे असे ठरविण्यासाठी ती कमान पाहणे अवश्य होते. ती कमान दगडात नव्हती, तर उरलेला अर्धा भाग कल्पनेने जोडणाऱ्याच्या मनात होती. दस्ताचा फाटलेला भाग वादीने स्वतः भरून आणला तर न्यायाधीश काय म्हणेल?

न्यायाधीश निघाला तोही भलत्याच दालनातून. १९६७ साली बर्कली येथील सॅरिच व विल्सन या दोघांनी हाडे बाजूला ठेवून रक्त तपासले. माणूस, चिंपांझी, गोरिला यांच्या रक्तातील एका प्रथिनात किती फरक पडला आहे हे मोजून त्यांनी हिशेब मांडला की, माणसाचा व आफ्रिकेतील कप्यांचा वंश फुटून जेमतेम पन्नास लाख वर्षे झाली असावीत. आता जो वंश पन्नास लाख वर्षांपूर्वी फुटला, त्याच्या केवळ एका शाखेचा मूळपुरुष एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी कसा सापडणार? हाडांचे पंडित खवळले व पंधरा वर्षे भांडले. शेवटी पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवापिथेकसचा बराचसा अखंड चेहरा सापडला व १९८२ साली पिलबीम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्यांच्या खोबणी उभट, दोहोंमधील अंतर अरुंद, चेहरा आत वळलेला. तो चेहरा माणसाचा नव्हता, चिंपांझीचाही नव्हता. तो सुमात्रा व बोर्निओच्या जंगलांतील ओरांगउटानाच्या चेहऱ्याशी जुळत होता. ज्यास रामापिथेकस म्हणत होते तो शिवापिथेकसच्याच जातीचा, बहुधा त्यातील लहान चणीच्या माद्यांचा, जबडा ठरला. ते नाव खारीज झाले. आणि आम्हांस विशेष सांगावयाचे ते हे की, हेच पिलबीम पूर्वी सायमन्स यांच्याबरोबर रामापिथेकसचे मोठे कैवारी होते. नवा पुरावा हाती येताच त्यांनी आपली जुनी साक्ष चारचौघांत मागे घेतली. आमच्या सार्वजनिक जीवनात अशी साक्ष मागे घेतल्याचे उदाहरण आम्ही आठवू लागलो. लेख छापावयास जाईपर्यंत आठवले नाही.

मग २०१८ साली नव्याने निघालेल्या आमच्या दहावीच्या पुस्तकात १९८२ साली बुडालेला दावा जिवंत कसा राहिला? एका पुस्तकावरून दुसरे पुस्तक उतरवून काढण्याची जी आमची जुनी खोड आहे, तिचेच हे फळ असावे असे आम्हांस वाटते. पण येथे आम्ही राज्याच्या पुस्तकाचा पक्ष थोडासा घेणार आहोत. त्यात चूक आहे, पण पाठ तरी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२३ साली आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच काढून टाकला व 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या पाठाचे नुसते 'आनुवंशिकता' करून ठेवले. कारण सांगितले, मुलांवरचा बोजा कमी करणे. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व अन्य सुशिक्षितांनी पत्रक काढून निषेध केला. परिषदेचे म्हणणे असे पडले की, बारावीत जीवशास्त्र घेणाऱ्यास हा विषय शिकावयास मिळतोच. अहो, पण दहावीनंतर वाणिज्य घेणाऱ्याचे काय? आमच्या पत्रलेखकांचा मुलगा उद्या दुकानात बसणार असेल, तर त्यास माणूस कोठून आला हे कळण्याचा हक्क नाही काय? चुकीची ओळ शिक्षक खोडू शकतो. जे पान पुस्तकात नाही ते तो कसे शिकविणार?

आता तिसरा प्रश्न. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, ज्यास हल्ली छत्रपती संभाजीनगर म्हणतात, एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी असे मत दिले की, डार्विनचा सिद्धांत शास्त्रदृष्ट्या चुकीचा असून तो शाळा-महाविद्यालयांतून काढला पाहिजे. कारण वानराचा माणूस होताना आपण पाहिले असे आमच्या पूर्वजांपैकी कोणी सांगितले वा लिहिले नाही. देशातील तीनही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून याचे खंडन केले, व त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने टाळण्यास त्यांस सांगितले. प्रकरण तेवढ्यावर मिटले असे वर्तमानपत्रांस वाटले. परंतु वरणगावच्या एका सज्जनाच्या पत्रात तेच वाक्य जसेच्या तसे उतरलेले पाहून ते मिटले नाही हे आम्हांस कळले.

सत्यपाल सिंह हे मंत्री होण्यापूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते, हे येथे सांगणे अवश्य आहे. ज्या गृहस्थाने आयुष्यभर गुन्ह्यांचा तपास केला, त्याने 'डोळ्यांनी पाहिले कोणी' असे विचारावे याहून मोठा विनोद नाही. खून बहुधा साक्षीदार बोलावून होत नाहीत. बंद खोलीत, रात्री, कोणी नसताना होतात. आणि तरीही आरोपी फासावर जातो. कसा? परिस्थितिजन्य पुराव्याने. बोटांचे ठसे, रक्ताचा डाग, हत्याराची जखम, शेवटचे एकत्र पाहिलेले कोण. १९८४ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या आहेत. त्यांचे सार असे की, प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा, साखळी पुरी व्हावी, व तिच्यातून दुसरा कोणताही वाजवी निष्कर्ष निघू नये. वकिलीत आम्ही डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार पुष्कळ पाहिले. उलटतपासात त्यांतील निम्म्यांचे पाहणे ऐकण्यावर येते. दगड, हाड व रक्त यांस लाच देता येत नाही.

या कसोटीस उत्क्रांती लावून पाहा. एकच दुवा सांगतो. चिंपांझी, गोरिला व ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या असतात; माणसात तेवीस. सर्वांचा पूर्वज एक असेल तर माणसाची एक जोडी गेली कोठे? नाहीशी झाली असती तर माणूस जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रे कोठेतरी जोडली गेली असली पाहिजेत. शोध केला, आणि माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र सापडले. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकास एक ठराविक खूण असते. ती खूण या गुणसूत्राच्या मधोमध, तोंडास तोंड लावून चिकटवल्यासारखी आढळली. दोन कागद डकवून एक दस्त केला तर मधोमध जसा डिंकाचा पट्टा दिसावा, तसा. हा पट्टा आमच्या पत्रलेखकांच्या अंगात आहे, आमच्या अंगात आहे, मंत्रिमहोदयांच्याही अंगात आहे. पाहिले कोणी, असे ज्यांस विचारावयाचे आहे त्यांनी सूक्ष्मदर्शक घेऊन पाहावे.

'मग माकडे अजून माकडेच कशी राहिली?' हा प्रश्न पत्रात नाही, पण पुढच्या पत्रात येईल म्हणून आताच मिटवितो. कोणतेही हल्लीचे माकड माणसाचा बाप नाही. ते भाऊबंद आहेत. वारसाचा दावा चालविताना आम्ही वंशावळ काढतो. खापरपणजोबा एक, त्याचे दोन मुलगे. एकाचा वंश गावात शेती करून राहिला, दुसऱ्याचा सुरतेस जाऊन व्यापारी झाला. सुरतकर खानदेशकरांपासून 'झाले' असे कोणी म्हणत नाही, व सुरतकर झाले म्हणून खानदेशकर संपलेही नाहीत. चिंपांझी हे आपले चुलत घराणे. वाटणी होऊन, अलीकडच्या हिशेबाप्रमाणे, साठ-सत्तर लाख वर्षांच्या आसपास काळ लोटला. शिवापिथेकसची शाखा त्याहूनही पूर्वी फुटलेली, म्हणजे अधिक दूरची. दशावतारातील मत्स्य, कूर्म, वराह या क्रमात कोणास उत्क्रांती दिसत असेल तर त्याने कवितेचा आनंद जरूर घ्यावा. वंशावळीत नोंद करावयाची तर कविता पुरत नाही.

पूर्वज आमच्याच मातीत सापडावा ही हौस आपलीच आहे असे नव्हे. १९१२ साली इंग्लंडात पिल्टडाउन येथे आद्य मानवाची कवटी सापडल्याचा डंका वाजला. मोठमोठे इंग्रज पंडित तिच्यावर भुलले. कारण पहिला माणूस इंग्लिश निघाला यात त्यांस काही अस्वाभाविक वाटलेच नाही. त्याच भुलीमुळे १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत तौंग येथे मिळालेल्या खऱ्याखुऱ्या पूर्वजाकडे त्यांनी कित्येक वर्षे नाक मुरडले. १९५३ साली उघड झाले की पिल्टडाउनची कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानाचा, दात कानशीने घासलेले व हाडे रंगविलेली होती. चाळीस वर्षे एका साम्राज्याची विद्वत्ता कानशीच्या घासणीस फसली. डार्विनने १८७१ सालीच आफ्रिकेकडे बोट दाखविले होते. तौंगनंतर १९७४ साली इथिओपियात, २००१ साली चाडमध्ये जे मिळाले त्याने ते बोट खरे ठरले. आपण सर्व, वरणगावचे व लंडनचे, उच्च व नीच म्हणून ज्यांस आम्ही निरनिराळ्या पंक्तीस बसविले ते सर्व, त्याच आफ्रिकेतून निघालेल्या माणसांचे वंशज आहो. सोवळे कोणापासून पाळावयाचे हे ज्याने त्याने पाहावे.

मग खानदेशच्या वाट्यास काहीच नाही काय? कप्याचे हाड नाही, हे खरे. आमच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी तप्त लाव्हारसाचा होता. तेव्हा जगात कपी नव्हते, आणि लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. त्यावर तापी-पूर्णेने पसरलेला गाळ यावल-रावेरकडे नळविहिरी खोदणाऱ्यांस शेकडो फूट लागतो, पण शिवालिकच्या मानाने तो अलीकडचा. शिवापिथेकसचा आमच्या सर्वांत जवळचा पुरावा कच्छातील तापर येथे मिळालेला, सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचा जबडा; तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पण माणसाची गोष्ट निराळी. सातपुडा ओलांडताच नर्मदा लागते. तिच्या काठी हथनोरा येथे ५ डिसेंबर १९८२ रोजी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे अरुण सोनकिया यांस प्राचीन मानवाची कवटी मिळाली. तिचे नेमके वय व जात यांवर अद्याप वाद आहे, पण भारतभूमीत मिळालेला असा पुरातन मानवी अवशेष म्हणून तिची जगभर दखल घेतली जाते. रामापिथेकस ज्या वर्षी पदच्युत झाला त्याच वर्षी ती सापडावी हा योगायोग.

आणि आमच्या जिल्ह्यातच, चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे, १९७२-७३ च्या सुमारास एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. तेथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, व एका तुकड्यावर कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघांची नक्षी. खानदेशात तेव्हा शहामृग फिरत होते, आणि त्यांच्या अंड्याचे कवच फोडून, घासून, भोक पाडून कोणी तरी गळ्यात घालीत होते. पाटणादेवीच्या दर्शनास दरवर्षी हजारो लोक जातात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख त्या परिसरात आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते. मण्यांची गोष्ट फारच थोड्यांस. वरणगावच्या ज्या दारूगोळा कारखान्यात काडतुसाची जाडी केसाच्या अंशाने मोजून पारखली जाते, तेथील कामगारांची मुले तरी एकदा शाळेबरोबर पाटण्यास न्यावीत, अशी आमची तेथील मुख्याध्यापकांस सूचना आहे.

उरला परीक्षेचा प्रश्न. मुलाने उत्तरपत्रिकेत काय लिहावे, असे सदर गृहस्थांनी पत्राच्या तळाशी विचारले आहे. व परीक्षक पुस्तक समोर ठेवून गुण देतो, ही त्यांची धास्ती रास्त आहे. आमचा सल्ला असा की, पुस्तकातील उत्तर लिहावे व त्याखाली एक ओळ जोडावी की, हे मत १९८२ नंतर मागे पडले असून सदर प्राणी ओरांगउटानाच्या शाखेचा मानला जातो. मंडळाने पुढील आवृत्तीपूर्वी शुद्धिपत्रक काढावे असे पत्र आम्ही आजच धाडीत आहोत. तोपर्यंत त्या एका ओळीपायी मुलाचे गुण कापले गेलेच, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. तो अर्ज आम्ही फी न घेता लिहून देऊ.